उतारावरचा ब्रेक आणि सकाळचा ब्रेक

चंदीगडहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या घरी भाजीचा व्यापार आहे. यजमान सोलनच्या बाजूने टोमॅटो व मटार आणतात आणि चंदीगडच्या सेक्टर २६ मधील मंडईत पोहोचवतात. त्यासाठी घरची एक पिकअप गाडी आहे. तिचे वय सोळा वर्षे, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक, इंजिन डिझेलचे. गेल्या हंगामात भरलेली गाडी डोंगर उतरून परवाणूपाशी येत असता ब्रेकचे पेडल एकाएकी मऊ पडले आणि थेट तळाला जाऊन टेकले. यजमानांनी पाय भराभर मारून व गिअर उतरवून गाडी कशीबशी कडेला घेतली. तासाभराने पेडल आपोआप पूर्ववत झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी कारागिराकडे नेली. त्याने एक फेरी मारून ‘ब्रेक उत्तम आहे’ असा निर्वाळा दिला. तरी मनाचे समाधान व्हावे म्हणून पुढचे पॅड बदलून घेतले. तीन आठवड्यांनी त्याच उतारावर पुन्हा तोच प्रकार घडला. भगिनी विचारतात, सकाळी शहाण्यासारखा वागणारा ब्रेक दुपारी दगा देत असेल, तर त्याचे निदान करावे तरी कसे? मुलगा आता गाडी शिकू लागला आहे, आणि गाडी घरी येईपर्यंत त्यांच्या जिवाला घोर लागून राहतो.

हा प्रश्न एका घरापुरता नाही, म्हणून या वेळी सदराची सारी जागा त्यालाच दिली आहे. दूध, कोंबड्या, रोपे, मांडवाचे सामान, विटा, असे काही ना काही वाहणारी जुनी पिकअप आज कितीतरी कुटुंबांची अन्नदात्री आहे. आपल्या वाचकांना तर तिच्याविषयी थोडी माहेरची ओढही वाटावी. टाटांची ‘टाटामोबाइल’ १९८८ साली पुण्याच्या कारखान्यातून बाहेर पडली, आणि २००० साली आलेली ‘बोलेरो’ नाशिकला घडू लागली. महिंद्र बंधू मूळचे लुधियान्याचे. त्यांनी मुंबईत पसारा वाढवून आधी जीप व मग ही सारी जीपची भावंडे देशभर धाडली. तेव्हा नाशिक-पुण्याच्या गाड्या पंजाबच्या भाज्या वाहतात यात नवल नाही.

प्रथम जागेचा विचार करू, कारण या व्याधीत जागेचा वाटा मोठा आहे. चंदीगड हे शहर सपाट, सरळ व आखीव. ल कॉर्ब्युझिए यांनी त्याची आखणी करताना एकेक सेक्टर साधारण ८०० मीटर रुंद व १२०० मीटर लांब असा ठरवला, आणि वाहनांचे रस्ते त्यांच्या वेगाप्रमाणे सात श्रेणींत वाटून दिले. परिणामी मध्य मार्गावरून जाणाऱ्या गाडीला एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंत ब्रेकची फारशी गरज पडत नाही. चौक आला की अलगद पाय ठेवायचा, वळसा घालायचा आणि पुढे चालू लागायचे. दोन दाबांच्या मध्ये ब्रेकला निवण्यास भरपूर अवधी मिळतो. अशा शहरात अर्धा आजारी ब्रेकही वर्षानुवर्षे निरोगी म्हणून मिरवू शकतो. त्याची परीक्षा पिंजोर-कालका मागे टाकून गाडी डोंगरात शिरली म्हणजे सुरू होते. आणि तीही चढताना नव्हे, उतरताना.

ही परीक्षा किती कठीण असते याचा हिशेब घरातील शाळकरी मुलालाही करता येईल. सोलन समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटर उंचीवर आहे. कालका साडेसहाशे मीटरच्या आसपास. म्हणजे साधारण ८५० मीटरची उतरंड. मालासह २८०० किलोग्रॅम वजनाची पिकअप एवढी खाली येते तेव्हा तिच्या ठायी असलेली जी शक्ती कोठेतरी जिरवावी लागते, ती सुमारे ७० लिटर थंड पाण्याला उकळी आणण्याइतकी भरते. यातील काही वाटा वारा घेतो, काही चाके घेतात, आणि चालक शहाणा असेल तर बराच मोठा वाटा इंजिन घेते. उरलेली सारी आच चार चाकांतील मूठभर धातूला व लायनिंगला सोसावी लागते. पुढच्या दोन चाकांवर तिचा भार अधिक पडतो. सत्तर लिटर पाण्याचा बंब तापवायला किती लाकूड लागते ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आता पेडल दाबल्यावर काय होते ते पाहू. पायाचा जोर पेडलच्या दांड्याने काही पट होऊन मास्टर सिलिंडरमधील दट्ट्यावर जातो. त्या सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंत बारीक नळ्या गेलेल्या असतात व त्यांत ब्रेक ऑइल काठोकाठ भरलेले असते. द्रव दाबला तरी आकसत नाही. एका टोकाला दिलेला दाब तो जसाच्या तसा दुसऱ्या टोकाला पोहोचवतो. सतराव्या शतकात पास्कल या फ्रेंच पंडिताने सांगितलेला हा नियम मोटारीच्या ब्रेकमध्ये उतरायला विसावे शतक उजाडावे लागले. १९२१ साली अमेरिकेतील ड्युझेनबर्ग या मोटारीत चारही चाकांना असे ब्रेक बसवले गेले. या साऱ्या रचनेचा जीव एका गोष्टीत आहे. नळीत द्रव आणि केवळ द्रवच असला पाहिजे. त्यात हवेचा किंवा वाफेचा बुडबुडा शिरला की पायाचा जोर तो बुडबुडा आवळण्यातच खर्च होतो आणि चाकापर्यंत काही पोहोचत नाही.

तो बुडबुडा पत्रातील गाडीत कोठून आला? ब्रेक ऑइलला लोक ‘ऑइल’ म्हणतात खरे, पण इंजिनातील तेलाशी त्याचे काही नाते नाही. नेहमीच्या वापरातील डॉट ३ व डॉट ४ ही ऑइले हवेतील ओल शोषून घेतात. पावसाळ्यात मिठाची बरणी उघडी राहिली तर मिठाला जसे पाणी सुटते तसाच हा प्रकार. रबराच्या नळीतून, टाकीच्या झाकणातून, जुन्या वॉशरांतून ही ओल वर्षानुवर्षे आत झिरपत असते. नवे डॉट ३ ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अट आहे; पण त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. उतारावर कॅलिपर तापले, त्याच्या पोटातील ओलसर ऑइल उकळले, वाफ झाली आणि पेडल तळाला गेले. गाडी तासभर उभी राहिली, वाफेचे पुन्हा द्रव झाले आणि पेडल जागेवर आले. दुसऱ्या दिवशी सकाळी कारागिराला काही आढळले नाही, यात त्याची लबाडी असेलच असे नाही. रोग्याला ताप दुपारी भरतो आणि नाडी सकाळी पाहिली, एवढेच झाले. वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र देताना होणाऱ्या तपासणीतही ब्रेक सहसा थंडच असतो, हे ध्यानात असू द्यावे.

परंतु उतारावरचा प्रत्येक दगा वाफेचा नसतो, आणि खरे निदान येथेच आहे. गाडी थांबेनाशी झाली त्या क्षणी पायाखाली काय जाणवले, हे चालकाने आठवून सांगितले पाहिजे. पेडल मऊ पडून खाली गेले असेल तर ऑइल उकळले असण्याचा संभव मोठा. पेडल वरच राहिले, दगडासारखे घट्ट लागले, जळकट वास आला आणि तरीही गाडी सरकत राहिली, तर ऑइलचा दोष नाही. लायनिंगच अतिशय तापून तिची पकड गेली आहे. तिसरा प्रकार फसवा असतो. पेडल एकदम न जाता, पाय दाबून धरला असता हळूहळू, तुपात बोट बुडावे तसे खाली जाते. तेथे मास्टर सिलिंडरच्या आतील रबर झिजलेले असते व ऑइल दट्ट्याच्या कडेने मागे निसटते. बाहेर एक थेंबही दिसत नाही. हा दोष कधी कधी तापल्यावरच प्रकट होतो, म्हणून तो वाफेच्या दोषाशी हमखास मिसळला जातो. त्यांतला भेद असा की, वाफ झाली असता पाय भराभर मारला तर पेडल थोडे तरी वर येते, पण ते स्पंजासारखे लागते; मास्टर सिलिंडर निसटत असेल तर पेडल वर येताना घट्ट लागते आणि धरून ठेवले की पुन्हा बुडते. पॅड बदलण्यापूर्वी हा एक प्रश्न कोणी विचारला असता तर त्या कुटुंबाचे पैसे वाचले असते. पहिल्या दोषावर ऑइल बदलावे लागते, दुसऱ्यावर लायनिंग व चालवण्याची रीत, तिसऱ्यावर मास्टर सिलिंडर. तिन्ही ठिकाणी खर्च निरनिराळा, आणि एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

काही परीक्षा घराच्या अंगणात, गाडी उभी असतानाच करता येतात. त्यांना पान्हाही लागत नाही. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबावे, म्हणजे बूस्टरमधील निर्वात जोर संपतो. मग पेडल दाबून धरून इंजिन सुरू करावे. पेडल पायाखाली किंचित खाली उतरले तर बूस्टर ठीक आहे. न उतरले तर बूस्टर, त्याची रबरी नळी किंवा निर्वात पंप यांच्याकडे पाहावे लागेल. डिझेल गाडीला असा वेगळा पंप असतो आणि पुष्कळ गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो. अल्टरनेटर दुरुस्त करून आणल्यानंतर ब्रेक जड झाला असेल तर नळी नीट बसली आहे की नाही हे आधी पाहावे. यानंतर इंजिन चालू असतानाच पेडल मिनिटभर स्थिर दाबून धरावे. ते बुडत गेले तर वर सांगितलेला मास्टर सिलिंडरचा दोष, नाहीतर कोठेतरी गळती. पहिल्या दाबाला पेडल खाली जाते, पण दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला वर येऊन घट्ट होते, असे असेल तर मागच्या ड्रममधील शू झिजून दूर गेलेले असतात व ते जवळ आणून घ्यावे लागतात. जुन्या पिकअपमध्ये हे फार सामान्य आहे, आणि हा खर्चाचा नव्हे, केवळ मेहनतीचा प्रश्न असतो.

ऑइलची पातळी वारंवार खाली जात असेल तर नुसती भर घालून स्वस्थ बसू नये. पॅड झिजले की पातळी थोडी उतरतेच. पण महिन्यामहिन्याला भर घालावी लागणे म्हणजे गळती. चारही चाकांच्या आतील बाजूस, टायरच्या कडेला ओलसर डाग आहे का ते पाहावे. मागच्या चाकाला डाग आढळला तर एक घरगुती कसोटी आहे. तो द्रव बोटाला लावून पाण्याखाली धरावा. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून निघून जाते. अ‍ॅक्सलमधून झिरपलेले गिअर ऑइल चिकटून राहते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. पहिल्यात व्हील सिलिंडरचा दोष, दुसऱ्यात अ‍ॅक्सलच्या सीलचा. दोन्हींत लायनिंग तेलाने भिजलेली असेल तर ती पुसून वा भाजून पुन्हा बसवू नये. ती टाकून द्यावी, आणि एका चाकाची बदलली की जोडीच्या चाकाचीही बदलावी.

ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला ओढली जाते, ही तक्रारही नेहमीची. गाडी डावीकडे ओढली गेली की लोक डाव्या चाकाला दोष देतात. वास्तविक पुष्कळदा डावे चाक आपले काम चोख करीत असते आणि उजवे कामचुकारपणा करते. तपास उजव्या चाकापासून सुरू करावा. त्याही आधी दोन्ही टायरांतील हवा सारखी आहे ना ते पाहावे, कारण या साध्या कारणापायी लोकांनी कॅलिपर उघडल्याची उदाहरणे आहेत. जुन्या गाडीत आणखी एक छुपा अपराधी असतो, तो म्हणजे चाकाजवळची लवचीक रबरी नळी. ती बाहेरून धडधाकट दिसते, पण आतून सुजून तिचे भोक बारीक झालेले असते. पायाच्या जोराने ऑइल चाकाकडे जाते, पण पाय काढल्यावर परत येत नाही. ब्रेक अर्धवट लागलेलाच राहतो. असे चाक विनाकारण तापत राहते आणि त्याच्या कॅलिपरमधील ऑइल उतार सुरू होण्यापूर्वीच निम्मे शिजलेले असते.

म्हणून पत्रलेखिका भगिनींना माझी सूचना अशी आहे. भल्या पहाटे, रहदारी नसताना, रिकामी गाडी मध्य मार्गावरून आठ-दहा किलोमीटर न्यावी. ब्रेकला शक्य तो हात लावू नये, म्हणजे पाय लावू नये. शेवटी गाडी आपसूक मंदावू द्यावी, हलकेच थांबवावी आणि चारही चाकांजवळ तळहात नेऊन पाहावा. चाकाला स्पर्श करू नये, पोळण्याचे भय असते. एक चाक इतरांहून स्पष्ट गरम लागले तर तेथे ब्रेक ओढला जात आहे. मग कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजल्या आहेत का, दट्ट्या अडकला आहे का, नळी सुजली आहे का, हँडब्रेकची तार मोकळी परतते का, हे कारागिराला क्रमाने पाहायला सांगावे. नवे पॅड जाड असतात; पिना साफ न करता ते बसवले तर ओढ उलट वाढते, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तसेच घडण्याचे ते एक कारण असू शकेल. चारही चाके सारखीच कोमट लागली, तर संशय सर्वस्वी ऑइलवर आणि उतरण्याच्या रीतीवर येतो.

पिकअप गाडीची एक खास गोष्ट येथे सांगितली पाहिजे, कारण मोटारकारवर हात बसलेल्या कारागिराच्याही ती नजरेतून निसटते. पिकअपची पाठ कधी रिकामी असते, कधी टनभर मालाने दबलेली. मागच्या चाकांना दोन्ही वेळी सारखाच दाब मिळाला तर रिकामी गाडी मागून घसरेल. म्हणून काही गाड्यांत मागच्या अ‍ॅक्सलला एका दांडीने जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. माल भरला, गाडी दबली, दांडी हलली की मागच्या ब्रेकला अधिक दाब मिळतो. आता आपल्याकडे मालवाहू गाडीला जादा पाटे घालण्याची चाल आहे. पाटे वाढले की गाडी माल भरूनही दबत नाही. व्हॉल्व्हला वाटते गाडी रिकामीच आहे, आणि मागचे ब्रेक उपाशी राहतात. सारा भार पुढच्या डिस्कवर येतो व त्या लवकर तापतात. कोठे कोठे ही दांडी गंजून एकाच जागी अडकलेली असते, तर कोठे ‘नसती कटकट’ म्हणून काढूनच टाकलेली असते. पाटे वाढवले असतील तर दांडीची जुळणी पुन्हा करून घेतलीच पाहिजे. जादा पाटे घालून क्षमतेहून अधिक माल लादणे, हे मात्र जुळणीने सुधारणारे दुखणे नव्हे.

ऑइल बदलण्याविषयी. दोन वर्षांतून एकदा ते संपूर्ण बदलावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. डोंगरात नित्य जाणाऱ्या गाडीने पावसाळा संपल्यावर बदलण्याचा नेम ठेवला तर अधिक बरे. टाकीतले काळपट ऑइल काढून वरून नवे ओतणे म्हणजे बदल नव्हे. चाकापाशी, जेथे उष्णता असते, तेथे जुनेच राहते. प्रत्येक चाकाच्या निपलमधून जुने ऑइल निघून स्वच्छ नवे येईपर्यंत ते वाहू द्यावे लागते. कारागीर याला ‘हवा काढणे’ म्हणतात. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून हे काम बहुधा सुरू करतात. डबा सीलबंद असावा. गेल्या वर्षी उघडून फळीवर ठेवलेला अर्धा डबा वापरण्याची काटकसर करू नये, त्याने कधीच ओल खाल्लेली असते. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालते व उतारासाठी ते इष्टच. पण डॉट ५ हा आकडा मोठा म्हणून त्याच्या मोहात पडू नये, ते सिलिकोनचे निराळेच द्रव्य आहे व या दोहोंत मिसळत नाही. टाकीत चुकून इंजिन ऑइल पडले असेल तर रबरे फुगतात. झाकणाखालचे रबर फुगलेले व सैल दिसणे ही त्याची खूण. अशा गाडीची सारी रबरे बदलल्याखेरीज गती नाही.

एवढे सर्व केले आणि चालक गाडी न्यूट्रलमध्ये सोडून उतरू लागला, तर केलेले वाया गेले म्हणून समजावे. थोडे डिझेल वाचावे म्हणून उताराला गिअर काढणे, काही तर इंजिनच बंद करणे, ही सवय सह्याद्रीच्या घाटांत आणि हिमाचलच्या वळणांवर सारखीच आढळते. पुण्याजवळ नवले पुलाच्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका अवजड वाहनाने अनेक गाड्यांना धडक दिली. प्रथम सर्वांनी ब्रेक निकामी झाल्याचे म्हटले. पण उताराला इंजिन बंद ठेवल्याचे कारण तपासात पुढे आले. इंजिन बंद केले की बूस्टरचा जोर दोन-चार दाबांत संपतो आणि पेडल लाकडासारखे घट्ट होते. किल्ली काढली तर सुकाणूही अडकू शकते. वाचलेल्या डिझेलचा हिशेबही खोटाच असतो, कारण आजच्या बहुतेक डिझेल इंजिनांत गिअरमध्ये उतरताना पाय काढला की इंधन जवळजवळ बंदच होते. ज्या गिअरने चढ चढलो त्याच गिअरने, किंवा त्याहून खालच्या गिअरने उतरावे, हा जुन्या घाटचालकांचा नियम खंडाळ्याला जितका खरा तितकाच धर्मपूर-परवाणूला. ब्रेकवर पाय सतत टेकवून ठेवण्यापेक्षा वेग वाढला की काही क्षण जोराने दाबावा व मग पूर्ण सोडून द्यावा. मधल्या अवकाशात वारा डिस्कला निववतो.

आणि इतके करूनही पेडल गेलेच तर काय करावे, हे मुलाला आधीच, गाडी अंगणात उभी असताना, शिकवून ठेवावे. त्या घटकेला विचार सुचत नाही. हाताला जे सवयीचे असेल तेच घडते. पेडल भराभर मारीत राहावे, वाफ थोडी असेल तर दाब जमतो. गिअर एकेक करून खाली आणावा; एकदम पहिल्यात टाकण्याचा प्रयत्न केला तर गिअर पडत नाही आणि गाडी न्यूट्रलमध्येच राहते. हँडब्रेकचे बटण दाबून ठेवून तो हळूहळू ओढावा, एका झटक्यात नव्हे, म्हणजे मागची चाके अडकून गाडी आडवी होणार नाही. भोंगा व दिवे चालू ठेवावेत. इंजिन बंद करू नये. वाळूची किंवा चढाची सुटका-वाट दिसली तर तीत शिरावे. ती नसेल आणि दुसरा इलाजच उरला नाही तर दरीची बाजू सोडून डोंगराच्या बाजूला गाडी घासत न्यावी. गाडी थांबल्यावर चाकांखाली दगड लावावेत, आणि तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये, ती तडकते. तासाभराने पेडल वर आले तरी माल तेथेच उतरवून ठेवण्याची सोय करावी आणि रिकामी गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जवळच्या कारागिरापर्यंत न्यावी. त्याला ‘ब्रेक पाहा’ एवढेच न सांगता उतार किती होता, माल किती होता, पेडल मऊ होते की घट्ट, आणि किती वेळाने परत आले, हे सारे सांगावे; चालकाने ते कागदावर लिहून नेले तर उत्तमच.

जाता जाता घरच्या मंडळींसाठी आणखी एक गोष्ट. ड्रम उघडल्यावर आत जी काळी भुकटी साठलेली असते ती तोंडाने किंवा हवेच्या नळीने फुंकून उडवण्याची रीत सर्वत्र आहे. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो व त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसांत कायमचे रुतून बसतात. भुकटी ओल्या फडक्याने टिपावी, ते फडके पिशवीत बांधून टाकावे, त्या वेळी मुलांना जवळ उभे राहू देऊ नये, आणि त्या दिवशीचे कपडे घरच्या इतर कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत.